ट्रॅक्टरमागची ट्रॉली : जोडणी, ब्रेक व नेहमीच्या अडचणींचे निवारण

(उद्यमबाग, बेळगाव येथे ट्रॉली बांधणारे कारागीर, वाहनमालक व चालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी व घटप्रभा या नद्यांच्या काठचे सर्व रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. पूर्वी हे काम बैलगाड्यांकडे होते. आज त्याचा फार मोठा भाग ट्रॅक्टर व त्यामागे जोडलेल्या एक किंवा दोन ट्रॉल्या करीत आहेत. तोडलेला ऊस वाळू लागतो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो. म्हणून तोडणीपासून शक्य तो चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा, अशी सर्वांचीच धडपड असते. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळत असल्याने खेप मोठी असावी आणि खेपा अधिक व्हाव्यात, ही ओढही स्वाभाविक आहे. या घाईत ज्या गोष्टीकडे सर्वात कमी लक्ष जाते, ती म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांमधील जोडणी व ट्रॉलीचा ब्रेक. आज मी प्रामुख्याने याच दोन गोष्टींविषयी बोलणार आहे.

हा विषय उद्यमबागेत मांडण्यास एक विशेष कारण आहे. ट्रॅक्टर मोठ्या कारखान्यात तयार होतो. त्याची रचना ठरलेली असते व त्याची चाचणीही झालेली असते. ट्रॉलीचे तसे नाही. ती पुष्कळदा लहान कार्यशाळेत, गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे बांधली जाते, आणि तिची दुरुस्तीही तेथेच होते. ओतशाळा, लेथ, वेल्डिंग व हायड्रॉलिक्स या सर्व विद्या आपल्या या वसाहतीत एकत्र नांदत आहेत. तेव्हा रस्त्यावरील सुरक्षिततेचा बराचसा निर्णय ट्रॉली रस्त्यावर येण्यापूर्वी, आपल्याच कार्यशाळेत होत असतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

ओढणे आणि थांबविणे

ट्रॅक्टर हे मूलतः शेतात नांगर ओढण्यासाठी बनविलेले यंत्र आहे. कमी वेगाने फार मोठा भार ओढण्याची शक्ती त्याच्या अंगी असते. त्यामुळे सपाट रस्त्यावर तो दोन भरलेल्या ट्रॉल्या सहज हलवितो आणि पाहणाऱ्यास वाटते की एवढे वजन त्यास झेपते. परंतु वजन हलविणे आणि चालते वजन थांबविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागील दोन चाकांवर चालतात. चाकाची रस्त्यावरील पकड त्या चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. ट्रॉलीत कितीही ऊस भरला तरी, ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसल्यास, थांबविण्याची शक्ती ट्रॅक्टरच्या मागील चाकांपुरतीच राहते.

एक साधा हिशेब मांडून पाहू. ट्रॅक्टरचे वजन सुमारे २.२ टन आणि त्यापैकी १.५ टन मागील चाकांवर आहे असे धरू. त्यामागे सुमारे १० टनांची चारचाकी ट्रॉली आहे. एकूण वजन सुमारे १२ टन झाले. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी चाकाची पकड त्यावरील भाराच्या सहा दशांश मानली, तर थांबविण्यास मिळणारा जोर केवळ ०.९ टन भरतो. या जोरावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ही जोडगाडी थांबण्यास सुमारे २१ मीटर लागतात. वेग ३० किलोमीटर असेल तर ४७ मीटर लागतात. म्हणजे वेग दीडपट झाला की अंतर सव्वादोनपट होते. शिवाय धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, त्यातही २० किलोमीटर वेगाने साडेपाच मीटर अंतर कापले जाते.

आता हीच गाडी वीस मीटरला एक मीटर अशा उतारावर आणू. उतारामुळे १२ टनांचे वजन ०.६ टन जोराने गाडीला खाली ओढते. ब्रेकचा जोर ०.९ टन होता, त्यातून हा वजा जाता ०.३ टन उरतो. ताशी २० किलोमीटर वेगाने थांबण्याचे अंतर २१ मीटरांवरून ६३ मीटरांवर जाते. उतार तेरा मीटरला एक मीटर इतका असेल, तर खाली ओढणारा जोर ब्रेकच्या जोराहून अधिक होतो आणि गाडी थांबतच नाही. चालक कितीही कुशल असला तरी या हिशेबात त्यामुळे फरक पडत नाही.

याच ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसविले आणि त्यांतून तिच्या वजनाच्या केवळ एक पंचमांश, म्हणजे २ टन जोर मिळाला, तर सपाटीवर थांबण्याचे अंतर साडेसहा मीटर आणि वीसास एक या उतारावर सुमारे आठ मीटर होते. ६३ मीटर कोठे आणि ८ मीटर कोठे! माझ्या आजच्या सर्व बोलण्याचे सार या दोन आकड्यांत आहे. ट्रॅक्टरने ट्रॉली ओढावी, परंतु ट्रॉलीने स्वतःला थांबविले पाहिजे.

रेल्वेचा धडा

एकामागे एक वाहने जोडून ओढण्याचा सर्वात जुना व मोठा अनुभव रेल्वेला आहे आणि तो धडा तिने मोठी किंमत देऊन शिकला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा या गावाजवळ मुलांच्या सहलीची एक गाडी चढावावर अडली. इंजिनास सर्व डबे एकदम ओढवेनात, म्हणून कर्मचाऱ्यांनी गाडीचे दोन भाग करण्याचे ठरविले. त्या गाडीचे ब्रेक इंजिनापासून डबे सुटताच निकामी होणारे होते. सुटलेल्या मागील डब्यांना शेवटच्या डब्यातील हातब्रेकचा आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा आधार देण्यात आला. पुढील भाग निघताना किंचित मागे सरला, त्याचा धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि डबे उताराने मागे धावत जाऊन मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांवर चालणारा आणि जोड तुटताच आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

उसाच्या ट्रॉलीच्या बाबतीत आपण अद्यापि पुष्कळ ठिकाणी हातब्रेक आणि दगड याच पायरीवर आहोत, हे खेदाने म्हणावे लागते.

ट्रॉलीच्या ब्रेकचे प्रकार

ट्रॉलीला ब्रेक देण्याच्या तीन पद्धती सर्वसाधारणपणे वापरल्या जातात. पहिली पद्धत ढकलीच्या ब्रेकची. ट्रॅक्टरचा वेग कमी होताच ट्रॉली पुढे ढकलली जाते, तिची दांडी काहीशी आत सरकते आणि त्या सरकण्यानेच ब्रेक लागतो. ही रचना साधी व स्वस्त असून हलक्या ट्रॉलीस उपयोगी आहे. मात्र गाडी मागे घेतानाही दांडी आत सरकून ब्रेक लागतो, म्हणून त्या वेळेपुरती अडसर घालण्याची सोय ठेवावी लागते. दुसरी पद्धत तेलाच्या दाबाची. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबताच नळीतून ट्रॉलीच्या चाकांपर्यंत दाब पोचतो. तिसरी हवेच्या दाबाची. तीत इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर आणि ट्रॉलीवर हवेची टाकी असते. जड ट्रॉलीसाठी व दोन ट्रॉल्यांसाठी ही पद्धत अधिक भरवशाची आहे, कारण नळी तुटली किंवा ट्रॉली सुटली तर ब्रेक आपोआप लागेल अशी योजना तीत करता येते.

पद्धत कोणतीही असो, ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या किंचित आधी किंवा बरोबर लागला पाहिजे. तो उशिरा लागल्यास मागील ट्रॉली पुढच्या वाहनास ढकलते. वळणावर असे झाले तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली चाकूच्या पात्याप्रमाणे दुमडतात आणि ट्रॅक्टर उलटतो.

चालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाची दोन स्वतंत्र ब्रेक-पायदाने असतात. शेतात झटकन वळण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर येताना ही दोन्ही पायदाने कडीने एकत्र जोडलेली असलीच पाहिजेत. एकाच चाकाचा ब्रेक लागला तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते.

जोडणी : पिन, हुक व साखळी

दहा टनांचा संपूर्ण भार ज्या एका पिनेवर असतो तिची किंमत सबंध गाडीच्या मानाने नगण्य असते. तरीही पिन हरविली की बांधकामाची सळई किंवा हाती लागेल तो बोल्ट घालून गाडी चालविली जाते. हे सर्वथा त्याज्य आहे. पिन योग्य पोलादाची, उष्णोपचार केलेली व भोकात बेताची बसणारी असावी. ढिली पिन प्रत्येक धक्क्याला आपटते, भोक लंबगोल होते आणि आपटण्याचा जोर वाढत जातो. पिन वर उडून निघू नये म्हणून खाली अडकणपिन हवीच. तिच्या जागी तार किंवा चिंधी चालणार नाही.

आपल्या कारागीर बंधूंसाठी दोन सूचना. उष्णोपचार केलेल्या पिनेवर किंवा हुकावर वेल्डिंगचा थर देऊन झीज भरून काढू नये. त्या उष्णतेने पोलादाचा मूळ गुण बदलतो आणि थराच्या कडेपासूनच तडा जातो. तसेच हुक व कडी बिडाची कधीही करू नये. बीड दाब उत्तम सोसते, परंतु ओढ आणि धक्का यांपुढे ते पूर्वसूचना न देता तुटते. घडीव किंवा ओतीव पोलाद या कामी वापरावे. आपल्या ओतशाळांना हा भेद मी सांगावा असे नाही, पण स्वस्त वस्तू मागणाऱ्या गिऱ्हाइकास तो समजावून सांगणे हे त्यांचे काम आहे.

पिनेखेरीज स्वतंत्र सुरक्षा-साखळी असावी. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींस छेद देऊन ट्रॅक्टरच्या भक्कम भागास जोडाव्यात. पिन तुटलीच तर दांडी जमिनीत न रुतता या साखळ्यांवर तोलून राहते. साखळी वळणापुरती सैल असावी, परंतु जमिनीवर घासू नये. दुसऱ्या ट्रॉलीच्या जोडणीसही हाच नियम लागू आहे, कारण तेथील पिन चालकास दिसत नाही.

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्याला किंवा त्यासाठी दिलेल्या हुकालाच जोडावी. वरच्या, अवजाराच्या जोडबिंदूला जोडल्यास ओढ मागील आसाच्या वरून लागते, पुढील चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. तसेच जोडणी करताना ट्रॅक्टर मागे येत असता कोणीही दांडीजवळ मध्ये उभे राहू नये. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्यावर, गिअर काढून व हातब्रेक लावून, मगच माणसाने आत जावे.

नेहमीच्या अडचणी व त्यांवरील उपाय

*ट्रॉलीचे शेपूट हलणे.* दोनचाकी ट्रॉलीत भार आसाच्या मागे अधिक पडला की ट्रॉली डावी-उजवीकडे हेलकावू लागते. भरणी करताना भाराचा मध्य आसाच्या किंचित पुढे ठेवावा. एकूण भाराच्या साधारण दशांश वजन जोडणीवर येईल असा अंदाज बांधावा. हेलकावे सुरू झाल्यास जोरात ब्रेक न मारता व सुकाणू न झटकता वेग हळूहळू कमी करावा.

*पुढील चाके हलकी होणे.* याउलट जोडणीवर फार वजन आले, किंवा चढावावर ओढ वाढली, तर ट्रॅक्टरची पुढील चाके जमिनीवर नीट टेकत नाहीत आणि सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. पुढे लोखंडी वजने बसवावीत आणि भार कमी करावा. पुढे माणसे बसवून तोल साधण्याची पद्धत धोक्याची आहे, ती बंद झाली पाहिजे.

*हब तापणे.* काही किलोमीटर गेल्यावर थांबून प्रत्येक हबजवळ हाताची मागील बाजू नेऊन पाहावी. एकच हब इतरांहून अधिक तापला असेल तर ग्रीस संपले आहे, बेअरिंग फार आवळले आहे किंवा ब्रेकचा लायनर ड्रमला घासत आहे, असे समजावे. हंगामापूर्वी प्रत्येक चाक जॅकवर उचलून हलवून पाहावे. चाक खडखडत असेल तर बेअरिंग तपासावे.

*टायर फुटणे.* जुने टायर, कमी हवा व जास्त भार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की टायर आतून तापतो. हवेचा दाब टायर थंड असताना मापकाने मोजावा, लाथ मारून अंदाज घेऊ नये.

*गाडी मागे घेणे.* ट्रॉली मागे घेताना सुकाणू ज्या दिशेस फिरवावे त्याच्या विरुद्ध दिशेस तिचे शेपूट जाते. नवशिक्याने सुकाणूचा खालचा भाग धरावा. हात ज्या बाजूस न्यावा त्या बाजूस ट्रॉली जाईल. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना मागे घेण्याचा प्रयत्न करू नये. मागची सोडवून एकेक न्यावी.

घाटातील उतार

निपाणी ते बेळगाव या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ वर तवंदी घाट आणि वंटमुरी घाट आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. या उतारांवर महामार्गाची वेगवान वाहतूक आणि संथ ट्रॉल्या एकाच रस्त्याने जातात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागेल तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून किंवा क्लच दाबून गाडी उतारावर सोडणे म्हणजे इंजिनाचा फुकटचा ब्रेक टाकून देणे होय. वेग एकदा वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि ब्रेक तापून त्यांची पकड जाते. स्वतःचा ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली घाटात उतरवूच नये. वाट लांबची असली तरी ती धरावी, अथवा भार निम्मा करून दोन खेपा कराव्यात.

उसावर किंवा दांडीवर माणसे बसविणे हाही याच प्रश्नाचा भाग आहे. तोडणी मजुरांची कुटुंबे, लहान मुलांसह, भरलेल्या ट्रॉलीवरून प्रवास करतात. वर सांगितलेल्या ६३ मीटरांच्या हिशेबात त्यांचेही प्राण आहेत.

रात्रीची वाहतूक व रस्त्यावर पडलेले दगड

रात्री थांबलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकीस्वार आदळणे हा अपघात आपल्या भागात वारंवार ऐकू येतो. उसाचे वाढे मागे लोंबत असल्याने दिवे झाकले जातात. मागील बाजूस लाल रिफ्लेक्टर, दोन्ही बाजूंस चकाकत्या पट्ट्या आणि चालू स्थितीतील मागील दिवे असलेच पाहिजेत, आणि भरणी झाल्यावर ते दिसतात काय हे मागे जाऊन पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६१ अन्वये ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक तिच्या बाजूवर, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवर लावणे बंधनकारक आहे.

चाक बदलण्यासाठी गाडी थांबली की चाकाखाली दगड लावला जातो आणि काम झाल्यावर तो तेथेच राहतो. मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलस्वारास तो दिसत नाही. प्रत्येक ट्रॉलीवर साखळीने बांधलेले दोन लाकडी ठोकळे ठेवावेत. ठोकळा गाडीबरोबरच राहील आणि रस्त्यावर दगड उरणार नाही. हे काम आपल्या कार्यशाळांतील उरलेल्या लाकडात व साखळीच्या तुकड्यांत होण्याजोगे आहे.

बंद पडलेली मोटार ओढून नेताना

ओढण्याचा हाच विचार मोटारींनाही लागू पडतो. अमेरिकेत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या घर-मोटारीमागे लहान मोटार जोडून प्रवास करण्याचा प्रघात आहे. तेथेही ताठ ओढदांडा, सुरक्षा-साखळ्या, मागील मोटारीस वेगळा ब्रेक आणि मागे दिवे या चार गोष्टी आवश्यक समजल्या जातात. ऑटोमॅटिक गिअरची मोटार चारही चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास, इंजिन बंद असल्याने गिअरपेटीस तेल पोचत नाही व ती जळू शकते. म्हणून अशी मोटार चालती चाके उचलून किंवा सपाट गाडीवर चढवून नेतात. आपणही हेच करावे.

आपल्याकडे बंद मोटार दोराने ओढताना इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक व सुकाणू फार जड होतात, याची पूर्वकल्पना मागील चालकास द्यावी. किल्ली फिरवून सुकाणूचे कुलूप उघडे ठेवावे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरांहून अधिक नसावे, वेग ताशी २५ किलोमीटरांपेक्षा जास्त नसावा, आणि मागील मोटारीत परवानाधारक चालक बसलेला असावा किंवा तिची सुकाणूची चाके क्रेनने उचललेली असावीत. दोर दिसावा म्हणून त्यावर कापड बांधावे.

कार्यशाळांकडून अपेक्षा

मित्रहो, चालकास उपदेश करणे सोपे आहे. परंतु त्याच्या हाती जी ट्रॉली येते तिला ब्रेकच नसेल तर त्याने काय करावे? म्हणून माझी शेवटची विनंती कार्यशाळांना आहे. नवी ट्रॉली बांधताना ब्रेक हा तिचा अविभाज्य भाग समजावा आणि किमतीत त्याची सूट देऊ नये. दुरुस्तीस आलेल्या प्रत्येक ट्रॉलीची पिन, कडी, साखळीचे भोक, हब, दिवे आणि रिफ्लेक्टर गिऱ्हाइकाने सांगितले नसले तरी तपासावे आणि दोष आढळल्यास तो बिलावर लिहून द्यावा. साखर कारखान्यांनीही हंगामाचा वाहतूक करार करतेवेळी ट्रॉलीचा ब्रेक पाहिल्याशिवाय वाहनाची नोंद करू नये, अशी सूचना मी या निमित्ताने करू इच्छितो. वाहनमालकांना या खर्चाचा बोजा वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु एक ट्रॉली उलटली तर ऊस, वाहन आणि हंगाम तिन्ही जातात, आणि माणूस गेला तर त्याची भरपाई कोणत्याही करारात लिहिलेली नसते.

येथे जमलेल्या कारागिरांच्या हातांत हे सर्व करण्याचे कौशल्य आहे. येत्या हंगामात उद्यमबागेतून बाहेर पडणारी प्रत्येक ट्रॉली स्वतःचा ब्रेक व सुरक्षा-साखळी घेऊनच बाहेर पडेल, असा निश्चय आपण सर्वांनी मिळून करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.